पासिंगचा निकालही जाहीर करा की

संपादक साहेब, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात मोठा तक्ता असतो, कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला, मग बाकीचे विभाग, मुली किती मुलं किती, शंभर टक्के निकालाच्या शाळा किती आणि शून्य टक्क्यांच्या किती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचं पास-नापास अख्ख्या महाराष्ट्राला कळतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण त्याच पोरांना शाळेत नेणारी बस, बाजाराच्या दिवशी माणसं कोंबून येणारी वडापची जीप, ऊसाचा ट्रक, रात्रीची स्लीपर, या गाड्या आरटीओत पासिंगला, म्हणजे फिटनेसच्या तपासणीला, जातात तेव्हा शंभरातल्या किती पास होतात, किती नापास, कुठल्या आरटीओत किती, कुठल्या मॉडेलच्या किती आणि कशामुळे, हे विचारायला गेलं तर सांगणारं कुणी नाही. हा आकडा सरकारकडे आहे, तो लोकांसमोर टाका, एवढंच मागायला हे पत्र लिहितोय, पण थोडं सविस्तर लिहावं लागेल.

मी कराडचा. आयुष्यभर गॅरेजमध्ये ब्रेकचं काम केलं, ड्रम उघडायचे, लायनर बदलायचे, किंगपिनचा प्ले म्हणजे ढिलेपणा काढायचा, तुटलेले पाटे बदलायचे. आता गॅरेज पोरगा बघतो, मी खुर्चीवर बसून सूचना देतो आणि तो त्या ऐकत नाही. तर पासिंगच्या आधी गॅरेजला गर्दी कशी होते ते मी चांगलं पाहिलंय. काही मालक खरंच गाडी नीट करून घेतात, खर्च झाला तरी चालेल म्हणतात, आणि काही येतानाच सांगतात की फक्त पासिंगपुरतं करा. पासिंगपुरतं म्हणजे हेडलाइट लागली पाहिजे, वायपर फिरला पाहिजे, रिफ्लेक्टर टेप नवी पाहिजे, पुढून मागून रंगाचा एक हात, आणि टायर कुणाकडून तरी एका दिवसासाठी आणलेले, संध्याकाळी ते काढून परत आपले गुळगुळीत चढवायचे. हे काही गुपित नाही, कुठल्याही ट्रक टर्मिनलवर चहाला थांबा, हसत हसत सांगतील.

ज्यांच्या घरी फक्त बाईक किंवा स्वतःची कार आहे त्यांना हे पासिंग प्रकरण फारसं माहिती नसतं, कारण खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन एकदम १५ वर्षांचं मिळतं, तोवर तिच्या ब्रेककडे सरकारचा कुणी माणूस बघत नाही, त्यानंतर रिन्यू करताना तपासणी आणि मग दर पाच वर्षांनी. कमर्शियल गाडीचं वेगळं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस सर्टिफिकेट असल्याशिवाय ती रस्त्यावर आणायचीच नाही. नवीन गाडीला पहिली दोन वर्षं मिळतात, मग आठ वर्षं वयापर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी आणि आठच्या पुढे दरवर्षी. म्हणजे राज्यातला प्रत्येक ट्रक, टेम्पो, रिक्षा, टॅक्सी, एसटी, शाळेची बस कधी ना कधी या चाळणीतून जाते, आणि दरवेळी कुठेतरी पास किंवा नापास अशी नोंद होते. त्या नोंदींची बेरीज करून कुणी बाहेर सांगत नाही, एवढाच काय तो प्रश्न.

कुठे मोठा अपघात झाला की मग या सर्टिफिकेटची आठवण येते. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ माणसं गेली, त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिकला बसला आग लागून १२ गेली. अशा प्रत्येक वेळी चॅनलवर दोन दिवस चर्चा, गाडीचं फिटनेस होतं का, पीयूसी होतं का, तारीख काय होती. तारीख असली की सगळे गप्प, तारीख संपलेली असली की मालकावर गुन्हा. पण ज्या केंद्रानं ते सर्टिफिकेट दिलं तिथं वर्षभरात किती गाड्या आल्या आणि किती परत पाठवल्या, हे एकाही अँकरनं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. तारखेवरून काय कळतं हो? तारीख छापायला ब्रेक लागावा लागत नाही.

आणि हे मी उगाच संशयानं बोलतोय असं नाही. पुण्याच्या एका नागरिकानं याच विषयावर मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली होती, तपासणी न करताच फिटनेस दिलं जातं म्हणून, आणि ती अनेक वर्षं चालली. कोर्टानं सरकारला चांगलंच धारेवर धरलं. ब्रेक टेस्टसाठी २५० मीटरचा ट्रॅक पाहिजे आणि तो कित्येक आरटीओंत नव्हताच, म्हणजे ट्रॅक नसताना ब्रेक तपासले जात होते आणि पास होत होते, हे कसं काय ते तुम्हीच समजून घ्या. २०१७ च्या अखेरीला ज्यांच्याकडे ट्रॅक नाही त्यांचं पासिंगच बंद करायची वेळ आली, गाडीवाल्यांचे हाल झाले, पुणेकर गाडीवाले दिवे घाट चढून ट्रॅकवर जायला लागले. २०१८ मध्ये परिवहन खात्यानं ३७ अधिकारी निलंबित केले, कारण तेच, नियमाप्रमाणे तपासणी न करता सर्टिफिकेट. तुमच्या पेपरातही तेव्हा बातम्या आल्या होत्या.

आता माझं म्हणणं असं की ही गोष्ट बाहेर यायला एका माणसाला वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागले. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी प्रत्येक आरटीओचा पास-नापासाचा तक्ता वेबसाइटवर असता तर कुणालाही घरबसल्या दिसलं असतं की अमुक ठिकाणी जवळपास एकही गाडी नापास होत नाही. समजा शेजारशेजारचे दोन जिल्हे आहेत, रस्ते सारखे, खड्डे सारखे, ट्रक साधारण त्याच वयाचे, माल तोच, आणि एका ठिकाणी शंभरात पंधरा गाड्या पहिल्या फटक्यात परत जातात आणि दुसऱ्या ठिकाणी दोनशेत जेमतेम एक, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या गाड्या एवढ्या ठणठणीत कशा, हा प्रश्न कुणीही विचारेल. त्याला इंजिनिअर असायची गरज नाही. आपण सगळे धरून बसतो की नापासाचा आकडा गाडीबद्दल सांगतो, पण तो तपासणाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

आणि उलट बाजूही आहे बरं का. आता तपासणी माणसाच्या डोळ्यांऐवजी मशीनवर न्यायचं चाललंय. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२१ मध्ये ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनचे नियम काढले, जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून सक्ती म्हणाले, मग ती तारीख १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली, कारण केंद्रंच पुरेशी उभी नव्हती. आपल्याकडे नाशिकला असं केंद्र त्याच्या बरंच आधीपासून आहे. मशीनवर गाडी चढवली की रोलर चाकं फिरवतो, ब्रेक किती लागतो ते मोजतो, डाव्या-उजव्या चाकात फरक किती ते दाखवतो, साइड स्लिप, सस्पेन्शन, जोडांतला प्ले, हेडलाइटचा झोत, स्पीडोमीटर, धूर, सगळं आकड्यांत येतं आणि थेट सरकारी सिस्टीमला जातं. मला स्वतःला हे आवडलं. आम्ही ब्रेक मारून, चाकाला जॅक लावून, हातानं हलवून अंदाज करायचो, मशीन अंदाज करत नाही.

पण ही स्टेशनं खासगी लोकांनाही चालवायला देता येतात. नियमात चांगली अट आहे की स्टेशनवाल्यानं गाड्या रिपेअर करायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, स्पेअर पार्टचा धंदा करायचा नाही, म्हणजे मुद्दाम नापास करून स्वतःच्याच गॅरेजकडे पाठवायचा खेळ होऊ नये. ठीक. तरीही नापास झालं की परत टेस्ट, परत फी, आणि फेरतपासणीतही नापास झाली तर गाडी आयुष्य संपलेली म्हणून भंगाराच्या रांगेत. अपील करता येतं, पण दोन टेम्पोंचा मालक अपील कधी करणार आणि हप्ता कधी भरणार? रिक्षावाल्यांना तर फिटनेसला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, त्यावरून २०२४ ला राज्यभर केवढा आरडाओरडा झाला, शेवटी सरकारला स्थगिती द्यावी लागली. अशा माणसाला त्याच्या स्टेशनवर रिक्षा किती टक्के नापास होतात आणि बाकी राज्यात किती, हे माहिती असेल तर त्याच्या हातात काहीतरी असेल. आज त्याच्याकडे काय आहे, एजंटचा फोन नंबर.

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्यानं मागे सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा व्हिडिओ कॉलवर मला फोटो दाखवत होता, काका बघा कशी आहे, मी म्हटलं फोटोत ब्रेक दिसत नाही बाबा, खालून बघितली का. तर तो म्हणाला थांबा, आणि गाडीचा नंबर टाकून सरकारी वेबसाइटचं पान उघडलं. त्या गाडीची दरवर्षीची तपासणी, कुठल्या वर्षी पास, कुठल्या वर्षी नापास, नापास कशामुळे, मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक कमी, स्प्रिंग तुटलेली, टायर संपत आलेत लवकर बदला अशी सूचनासुद्धा, आणि प्रत्येक वेळी मीटरवर किती मैल होते ते. फुकट. नंबर माहिती असला की कुणीही बघू शकतं. मीटर मागे फिरवायची सोयच राहिली नाही. ती गाडी मी त्याला नको घेऊ म्हणालो, स्प्रिंगमुळे नाही, तर तीच तक्रार दोन वर्षं लागोपाठ सूचनेत होती आणि मालकानं ढिम्म काही केलं नव्हतं म्हणून. असा मालक इंजिन ऑइल तरी वेळेवर बदलत असेल का?

तिथं या तपासणीला एमओटी म्हणतात, १९६० साली सुरू झाली, तेव्हा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, खासगी कारलासुद्धा. देशभर वीस हजारांच्या वर गॅरेजं ही तपासणी करतात, आणि गंमत म्हणजे तिथं तपासणारं गॅरेजच रिपेअरही करू शकतं, म्हणजे लबाडीला आपल्यापेक्षा जास्त वाव. तरी चालतं, कारण प्रत्येक टेस्टची नोंद एका ठिकाणी जाते आणि गॅरेजला व टेस्टरला त्याचा स्वतःचा नापासाचा दर देशाच्या सरासरीशी ताडून दाखवला जातो. फारच वेगळा असला तर इन्स्पेक्टरचं लक्ष जातं.

पण तिथंही हे सगळं आपोआप झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे लोक म्हणतात की अरे ते इंग्लंड आहे. बीबीसीच्या पत्रकारांनी तिथल्या माहिती अधिकारात अर्ज केला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या एमओटीत नापास होतात ते द्या. खात्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. कारण काय तर गाडी कंपन्यांच्या धंद्याला धक्का बसेल. दीडेक वर्ष हे भांडण चाललं, शेवटी तिथल्या माहिती आयुक्तांनी सांगितलं की माहिती द्यावी लागेल, आणि जानेवारी २०१० मध्ये ती बाहेर आली, बाराशे पानं! त्यात २००४ च्या गाड्यांमध्ये रेनो मेगान सगळ्यात जास्त नापास होणारी निघाली, २८ टक्के, आणि टोयोटाची कोरोला त्याच्या निम्म्याहूनही कमी. आभाळ कोसळलं का? नाही. कंपन्या अजून गाड्या विकतायत. पुढे सरकारनं स्वतःच सगळ्या टेस्टचा डेटा, मालकाचं नाव-पत्ता वगळून, कुणालाही डाउनलोड करता येईल असा टाकायला सुरुवात केली, २००५ पासूनचा.

ब्रिटनचा माहिती अधिकार कायदा जानेवारी २००५ ला लागू झाला आणि आपला ऑक्टोबर २००५ ला. एकाच वर्षाची पोरं. आपल्या कायद्यात कलम ८(१)(ड) मध्ये व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन माहिती नाकारता येते, पण तिथंच पुढे लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर द्यायची. ब्रेक लागतो की नाही यापेक्षा व्यापक जनहित अजून कुठलं? आणि कलम ४ मध्ये तर असं आहे की सरकारनं स्वतःहून इतकी माहिती टाकावी की लोकांना अर्ज करायची गरजच कमी पडावी. ते कलम वाचलं की मला नेहमी हसू येतं.

जर्मनीत तर गाड्या तपासणाऱ्या टीयूव्ही या संस्थेचा दरवर्षी रिपोर्ट पुस्तकासारखा निघतो, लोक तो विकत घेऊन वाचतात आणि मग सेकंडहँड गाडी शोधायला निघतात. वयाप्रमाणे गट असतात, दोन-तीन वर्षांच्या गाड्या वेगळ्या, दहा-अकरा वर्षांच्या वेगळ्या. २०२४ च्या रिपोर्टमध्ये दोन-तीन वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्लाचं मॉडेल ३ शेवटच्या नंबरवर आलं, १४.७ टक्के गाड्यांमध्ये मोठे दोष. एवढी महागडी, एवढी आधुनिक गाडी. कारण वाचल्यावर मात्र माझ्यातला ब्रेकवाला जागा झाला. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी चार्ज करते, त्यामुळे डिस्कवर पॅड घासलंच जात नाही, डिस्क गंजत पडते आणि जेव्हा खरंच जोरात ब्रेक हवा असतो तेव्हा ती तयार नसते. त्यात जड बॅटरीमुळे सस्पेन्शनवर ताण, आणि ठराविक सर्व्हिसिंगची सक्ती नाही म्हणून मालक गाडी वर्कशॉपला नेत नाहीत. आता विचार करा, आपल्याकडे एसटीची शिवाई ही इलेक्ट्रिक बस २०२२ पासून धावतेय, पीएमपी, बेस्ट सगळीकडे इलेक्ट्रिक बस वाढतायत. या बसच्या ब्रेकचं आपल्या दमट कोकण-मुंबईच्या हवेत दोन-चार वर्षांनी काय होतं हे आपल्याला पासिंगच्या आकड्यांतून सगळ्यात आधी कळेल. मेकॅनिकला कळेल, डेपो मॅनेजरला कळेल, कंपनीला सुधारणा करता येईल. पण आकडे बघायला मिळाले तर.

आपल्याकडे डेटा नाही अशी सबब कुणी सांगू नये. वाहन नावाचं केंद्राचं पोर्टल आहे, त्याच्या डॅशबोर्डवर जा, कुठल्या राज्यात कुठल्या आरटीओत कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीच्या किती गाड्या रजिस्टर झाल्या, पेट्रोलच्या किती, इलेक्ट्रिक किती, सगळं कुणालाही दिसतं. म्हणजे विकल्या किती ते कंपनीच्या नावासकट. नापास किती झाल्या ते मी पोरगा शेजारी बसवून शोधलं, मिळालं नाही. एमपरिवहन ॲपवर एखाद्या गाडीचा नंबर टाकला तर फिटनेस कधीपर्यंत आहे ती तारीख दिसते, पण ते मिळण्याआधी ती कितीदा नापास झाली, कशात झाली, हे नाही.

याच्याहून चीड आणणारी गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं एक पॉलिसी आणली होती, या वाहन आणि लायसन्सच्या सारथी पोर्टलमधला गाड्यांचा आणि लायसन्सचा डेटा घाऊक विकायची. खासगी कंपनीला वर्षाला तीन कोटी, शिक्षणसंस्थेला पाच लाख असा दर. त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की डेटा द्यायच्या कामातून ६५ कोटी रुपये आलेत, ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी यंत्रणांना ॲक्सेस आहे. पुढे लोकांच्या खासगी माहितीचा प्रश्न आला आणि जून २०२० मध्ये ती पॉलिसी गुंडाळली, ते बरंच झालं. पण बघा ना, ज्यात माझ्या-तुमच्या गाडीची वैयक्तिक माहिती होती ते विकताना संकोच वाटला नाही, आणि ज्यात कुणाचंच नाव नाही, नुसत्या बेरजा आहेत, तेवढं मात्र कपाटात.

आता यावर लोक काय म्हणतील ते मला माहिती आहे, आमच्या गॅरेजसमोरच्या कट्ट्यावर सगळं बोलून झालंय.

एक म्हणजे कंपन्या म्हणतील की गाडी नापास होण्यात आमचा काय दोष, मालक ओव्हरलोड भरतो, लोकल लायनर टाकतो, रस्ते असे. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. गाडी घाटात चालते की सपाटीला, दिवसाला किती किलोमीटर, यानं फार फरक पडतो. टॅक्सीत जाणारं मॉडेल आणि घरगुती मॉडेल यांची तुलना चुकीची ठरेल. म्हणूनच आकडा वयाप्रमाणे, वापराप्रमाणे आणि कारणाप्रमाणे फोडून पाहिजे. बल्ब गेला, वायपरचं रबर फाटलं, टायर गुळगुळीत, हे मालकाच्या खात्यात. पण एकाच मॉडेलच्या चार वर्षांच्या गाड्यांत सगळ्या राज्यात पुढच्या जोडात प्ले निघत असेल तर तो कंपनीच्या खात्यात, तिथं ओव्हरलोडचं कारण चालणार नाही, कारण ओव्हरलोड तर सगळेच भरतात. आम्हा मेकॅनिक लोकांना कुठल्या मॉडेलचं काय लवकर जातं हे पाठ असतं. ते फक्त आमच्या डोक्यात राहतं आणि आमच्याबरोबरच जातं.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे. आमच्याकडे येणारे एक निवृत्त साहेब म्हणाले, की तुम्ही केंद्राप्रमाणे आकडे टाकलेत तर सगळे गाडीवाले जिथं नापास कमी तिथंच पळतील. मी त्यांना म्हटलं, साहेब, ते आजही पळतातच, कुठं सोपं आहे ते एजंटला पाठ आहे, मालकाला माहिती आहे, ड्रायव्हरला माहिती आहे. माहिती नाही ते फक्त त्या गाडीत बसणाऱ्याला आणि तिच्या समोरून येणाऱ्याला. साहेब हसले आणि चहा संपवला.

एक भीती मात्र मला स्वतःलाच वाटते. आकडे बाहेर आले की वरून फर्मान सुटेल, की प्रत्येक केंद्रानं निदान एवढे टक्के नापास केलेच पाहिजेत. मग मार्चअखेर आला की टार्गेट पूर्ण करायला गरीब रिक्षावाले नापास होतील. तसलं टार्गेट अजिबात नको. आकडा बघा, वेगळा वाटला तर जाऊन तपासा, कधी कधी खरंच एखाद्या भागातले गाडीवाले शिस्तीचे असतात.

पहिल्या वेळचा निकाल वेगळा नोंदवला पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच नेमकं गाळलं जाईल. कारण आरटीओच्या गेटबाहेर सगळं मिळतं, बल्ब, टेप, रबर, मडफ्लॅप, आत नाही म्हटलं की बाहेर येऊन बसवायचं आणि परत रांगेत. संध्याकाळी रजिस्टरमध्ये फक्त पास. गाडी आली तेव्हा कशी होती हे कळायचं असेल तर पहिल्या फटक्यात काय झालं ते लिहिलंच पाहिजे, आणि मशीनवर ते आपोआप लिहिलं जातंच. म्हणजे कुणाला जास्तीचं काम नाही.

तेव्हा परिवहन आयुक्तांकडे मागणी अशी की दर तिमाहीला एक फाइल टाका, एक्सेलसारखी, स्कॅन केलेलं वाकडं पीडीएफ नको. त्यात केंद्र किंवा आरटीओ, गाडीचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल, वय, किती आल्या, पहिल्यांदा किती नापास, कशात नापास, फेरतपासणीत किती नापास, एवढे रकाने. गाडीचा नंबर नको, मालकाचं नाव नको. ज्या मॉडेलच्या शंभरही गाड्या आल्या नाहीत ते वगळा, उगाच तीन गाड्यांवरून एखाद्या मॉडेलची बदनामी नको. खासगी गाड्यांचा डेटा आपल्याकडे १५ वर्षांनंतरचाच असणार, त्याचा कार घेणाऱ्याला फारसा उपयोग नाही, तो विषय वेगळा आणि दिल्लीचा आहे. कमर्शियलचं मात्र राज्याला आज करता येईल. केंद्राची वाट बघायची गरज नाही.

आणि हे सगळं एकदम जमत नसेल तर शाळेच्या गाड्यांपासून सुरू करा. राज्याचे स्कूल बसचे वेगळे नियम २०११ पासून आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं त्यात आहे, पालकांचे प्रतिनिधी त्यात बसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आरटीओ या बस-व्हॅन तपासायला बोलावतं. मग जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक तालुक्यात किती शाळेच्या गाड्या रजिस्टर आहेत, त्यातल्या किती तपासणीला आल्याच नाहीत, किती पहिल्यांदा नापास झाल्या आणि ब्रेकमुळे किती, हे चार आकडे समितीच्या हातात द्या. ज्या आल्याच नाहीत त्यांचा आकडा सगळ्यात आधी द्या, माझ्या अनुभवानं खऱ्या वाईट गाड्या तिथंच असतात, त्या नापास होतच नाहीत कारण त्या जातच नाहीत.

शेवटी तुमच्याकडेही एक मागणं आहे संपादक साहेब. बीबीसीनं जे केलं ते करायला आपल्याकडे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. सगळ्यांनी एकाच दिवशी आपापल्या आरटीओत एकच अर्ज टाकावा, मागच्या आर्थिक वर्षात फिटनेससाठी किती गाड्या आल्या, पहिल्या तपासणीत किती नापास झाल्या, कारणं काय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्यांनी दिलं त्यांचे आकडे छापा, ज्यांनी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही असं लेखी दिलं त्यांचीही यादी त्याच पानावर छापा. कराडचा अर्ज पाहिजे तर मी टाकतो.

आपला,
गॅरेजवाला एक वाचक,
कराड, जि. सातारा